पेरूचं बजेट माचू पिचूच्या तारखेपासून मागे मोजा

पेरूला जायचं ठरलं की आधी एक एक्सेल उघडा आणि त्यात रुपये, डॉलर आणि सोल (पेरूचं चलन) असे तीन रकाने करा. विमानाचं तिकीट आणि विमा रुपयांत जातो. रेल्वे, माचू पिचूची बस आणि ट्रेकचे दर डॉलरमध्ये सांगतात. जेवण, टॅक्सी, प्रवेशशुल्क हे सगळं सोलमध्ये. सगळंच सुरुवातीपासून रुपयांत लिहिलं तर दोन महिन्यांनी डॉलर वधारल्यावर नेमकं काय महागलं ते कळत नाही. या लेखात डॉलर नव्वद रुपये आणि सोल साधारण पंचवीस-सव्वीस रुपये धरला आहे. तुमच्या यादीत त्या दिवसाचा दर टाका आणि वर पाच टक्के चढवा.

आपल्याकडे बहुतेक जण आधी विमानाचं तिकीट बघतात. पेरूच्या बाबतीत उलटं करा. आधी माचू पिचूचं तिकीट कोणत्या तारखेचं आणि कोणत्या मार्गाचं मिळतंय ते बघा, मग बाकीची सहल त्याच्याभोवती बसवा. रोजच्या प्रवेशावर मर्यादा आहे: एरवी ४,५०० माणसं आणि गर्दीच्या ठरावीक दिवसांत ५,६००. तिकिटावर तारीख, वेळ आणि मार्ग छापलेला असतो, नाव पासपोर्टप्रमाणे असतं आणि ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. २०२४ पासून आतले रस्ते तीन मुख्य सर्किटांत विभागले आहेत. फोटोंत दिसणारं ते प्रसिद्ध दृश्य आणि मधले अवशेष दोन्ही हवे असतील तर दोन नंबरचं सर्किट घ्यायचं, आणि सगळ्यात आधी संपतं तेही तेच. परदेशी प्रौढाला साधं तिकीट १५२ सोल, वायना पिचूचा डोंगर चढायचा असेल तर २००. सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. मधले दलाल त्याच तिकिटाचे दीडपट घेतात. काही तिकिटं पायथ्याच्या आग्वास कालियेंतेस गावात आदल्या दिवशी रांगेत मिळतात, पण इतक्या लांबून जाऊन नशिबावर राहणं मला पटत नाही.

तिकिटाची रक्कम एकूण खर्चात किरकोळच आहे. महाग आहे ते तिथवर पोचणं. माचू पिचूला मोटारीचा थेट रस्ता नाही. कुस्को शहराकडच्या ओयांतायतांबो गावाहून रेल्वे, दोनच कंपन्या, आणि परदेशी माणसाला येण्याजाण्याचे साधारण १२० ते १६० डॉलर. त्याच रुळांवर स्थानिकांसाठी स्वस्त गाडी धावते, पण तिच्यात आपल्याला प्रवेश नाही, त्यामुळे तो आकडा ऐकून हुरळू नका. खालच्या गावातून वर जायची बस, जाऊन-येऊन २४ डॉलर. गावात एक रात्र राहिलात तर आणखी चाळीसेक डॉलर. हे सगळं आणि प्रवेश मिळून माणशी वीस ते चोवीस हजार रुपये होतात, तेही फक्त एका ठिकाणासाठी. यादीत ही स्वतंत्र ओळ ठेवा, ‘कुस्को परिसर’ अशा गोल नावाखाली लपवू नका.

वाचवायचंच असेल तर दोन जागा आहेत. बस सोडून पायऱ्यांनी चढलात तर दीडेक तास लागतो. राजगड-तोरणा करणाऱ्याला ते काही विशेष नाही, सकाळी लवकर निघायची तयारी हवी. दुसरी जागा म्हणजे रेल्वेच टाळायची: कुस्कोहून व्हॅनने सहा-सात तास इद्रोएलेक्त्रिकापर्यंत, आणि तिथून रुळांच्या कडेने सुमारे दहा किलोमीटर चालत. पंचविशीतल्या मंडळींनी खुशाल करावं. पावसाळ्यात या रस्त्यावर दरडी येतात. बरोबर आईबाबा असतील तर रेल्वेचे पैसे मुकाट्याने द्या.

माचू पिचूपर्यंत चालत जायचा चार दिवसांचा इंका ट्रेल करायचा असेल तर हिशेब पूर्ण बदलतो. रोज ५०० परवाने, त्यातच हमाल आणि गाइड धरलेले, म्हणजे पर्यटकांच्या वाट्याला निम्म्याहून कमी. एकट्याने जाता येत नाही, परवानाधारक कंपनीमार्फतच जायचं. सहाशे-सातशे डॉलर आणि वर धरा, आणि परवाने सहा महिने आधीपासून बघायला लागा. फेब्रुवारीत ही वाट दुरुस्तीसाठी बंद असते.

तारीख ठरवताना आपल्या सुट्ट्यांशी पेरूचं हवामान बऱ्यापैकी जुळतं, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. कुस्कोकडे कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर. आपल्या शाळांना मे महिन्यात सुट्टी असते, आणि तेव्हा तिथे पाऊस संपलेला, डोंगर अजून हिरवे आणि युरोप-अमेरिकेची गर्दी यायची बाकी. जून ते ऑगस्ट सगळ्यात महाग. त्यातही २४ जूनला कुस्कोत इंती रायमीचा उत्सव आणि २८-२९ जुलैला राष्ट्रीय सण, तेव्हा हॉटेलं आणि बस दोन्ही चढतात. दिवाळीची सुट्टी चालेल, पण नोव्हेंबर उजाडला की दुपारी सरी सुरू होतात.

आता विमान. मुंबईहून लिमाला थेट विमान नाही. युरोपातून, अमेरिकेतून किंवा आफ्रिका-ब्राझील मार्गे जायचं, वाटेत तीसेक तास जातात. भाडं हंगामानुसार सव्वा ते दोन लाखांच्या घरात धरा. स्वस्त दिसणारं तिकीट अमेरिकेतून जात असेल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे विसरून तिकीट काढणारे दरवर्षी असतात. युरोपातल्या काही विमानतळांवरही ट्रान्झिटचे नियम आहेत, ते त्या-त्या देशाच्या वकिलातीच्या पानावर बघा. आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. दोन वेगळी तिकिटं जोडून वाचवलेले दहा हजार पहिलं विमान लेट झालं की तिथेच संपतात.

भारतीय पासपोर्टला पेरूचा व्हिसा लागतो, पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदतीचा व्हिसा हातात असेल तर लागत नाही. नियम बदलू शकतात, म्हणून तिकिटाआधी दिल्लीतल्या पेरूच्या वकिलातीकडून खात्री करून घ्या. ज्यांच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे त्यांचा फायदा दुहेरी होतो, व्हिसाही वाचतो आणि विमानाचे पर्यायही वाढतात. मुलामुलींकडे न्यू जर्सीला किंवा टेक्सासला चार महिने राहायला गेलेल्या आईबाबांना पेरू तिथूनच दाखवणं हा माझ्या मते सगळ्यात शहाणा बेत आहे. ह्यूस्टन आणि मायामीहून लिमाला थेट विमानं आहेत आणि भाडं मुंबईच्या मानाने खूपच कमी पडतं. फक्त अमेरिकेत परतताना पुन्हा इमिग्रेशनसमोर उभं राहावं लागतं, तेव्हा परतीची कागदपत्रं त्यांच्या हातातल्या पिशवीत ठेवा.

यलो फीव्हरची लस या यादीत नक्की लिहा. पेरू अनेक पर्यटकांना ती सक्तीची करत नाही, पण भारत करतो. या तापाच्या यादीतल्या देशातून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि पिवळं कार्ड, म्हणजे लसीचं प्रमाणपत्र, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आणि पेरू त्या यादीत आहे. लस ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते, आणि ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

उंचीलाही बजेटमध्ये ओळ द्यावी लागते, हे ऐकायला विचित्र वाटेल. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे, टिटिकाका काठचं पुनो ३,८०० च्या पुढे, आणि इंद्रधनुषी रंगांचा विनिकुंका डोंगर ५,००० च्या वर. आपलं कळसूबाई १,६४६. लिमा समुद्रकाठी, तिथून विमानाने सव्वा तासात कुस्कोत उतरलं की डोकं धरतं, भूक मरते, आणि त्या दिवशीची आगाऊ भरलेली सहल वाया जाते. म्हणून पहिले दोन दिवस कुठलंही पैसे भरलेलं काम ठेवू नका. आणखी स्वस्त उपाय म्हणजे कुस्कोच्या विमानतळावरून थेट खाली पवित्र खोऱ्यात (सेक्रेड व्हॅली) जायचं. ओयांतायतांबो सहाशे मीटर खाली आहे, रेल्वेही तिथूनच सुटते. माचू पिचू तर २,४३० मीटरवरच आहे. ते आधी आणि कुस्को शहर नंतर असा क्रम लावला की औषधं, दमणूक आणि एक जादा प्रवास, तिन्ही वाचतं. विमा घेताना किती उंचीपर्यंतचा ट्रेक त्यात धरला आहे ते बारीक अक्षरांत वाचा. विनिकुंका करणार असाल तर स्वस्त पॉलिसी बहुधा पुरणार नाही.

कुस्को आणि खोऱ्यातल्या अवशेषांसाठी बोलेतो तुरिस्तिको नावाचं एकत्रित तिकीट असतं: १३० सोल, दहा दिवस, सोळा ठिकाणं. साक्सायवामान, पिसाक, ओयांतायतांबो, मोराय ही त्यात येतात. मारासची मिठागरं, कोरिकांचा मंदिर आणि कुस्कोचं मोठं चर्च मात्र त्यात नाही, त्यांचे वेगळे पैसे. खोऱ्यापुरतं ७० सोलचं छोटं तिकीटही आहे. दोन दिवसांत उरकणार असाल तर तेच घ्या.

राहण्याच्या खर्चात एक सवलत आहे जी बरेच जण मागतच नाहीत. पेरूत हॉटेलवर १८ टक्के आयजीव्ही म्हणजे आपल्या जीएसटीसारखा कर असतो, पण साठ दिवसांपेक्षा कमी राहणाऱ्या परदेशी पाहुण्याला तो माफ आहे. नोंदणीकृत हॉटेलात पासपोर्ट आणि प्रवेशाची नोंद दाखवायची. संकेतस्थळावरचा दर करासह आहे की कराशिवाय, ते बुक करताना विचारा, नाहीतर आपण सवलत समजून बसतो आणि हॉटेलवाला तिला आपला नफा समजतो.

जेवण हे पेरूतलं सगळ्यात आनंदाचं आणि सगळ्यात स्वस्त खातं. दुपारी बाजारात किंवा साध्या खाणावळीत ‘मेनू देल दिआ’ मागायचा: सूप, एक भरपेट पदार्थ आणि पेय, दहा ते वीस सोलमध्ये. तेच प्लासा दे आर्मास या मुख्य चौकातल्या सज्जात बसून खाल्लं की तिप्पट. बटाट्याचं हे माहेर आहे, हजारो जाती आहेत तिथे, आणि शाकाहारी माणसाला तोच तारतो. मक्याचं मोठ्या दाण्यांचं कणीस चीजबरोबर, किन्वाचं सूप, आवोकादो, आणि पिवळ्या मिरचीच्या सॉसमधला बटाटा, म्हणजे पापा आ ला वांकाइना. पण नुसतं ‘कार्ने नको’ म्हणालात तर ताटात चिकन येऊ शकतं, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी लाल मांस. चिकन नको, मासे नको, हे वेगळं सांगायचं, आणि सूप कशाच्या पाण्यात शिजलंय तेही विचारायचं. चिनी-पेरूवी ‘चिफा’ खाणावळी गल्लोगल्ली असतात, तिथला भाज्यांचा चाउफा भात रात्री उपयोगी पडतो. दिवसाला माणशी साठ-सत्तर सोल धरले तर नीट जेवता येतं. थेपले, मेतकूट, भाजके पोहे न्या जरूर, पण रेल्वेच्या आणि व्हॅनच्या दिवसांपुरते. कट्टर शाकाहारी आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र स्वयंपाकघर असलेली खोली घेऊनच बजेट करावं. नळाचं पाणी पिऊ नये, बाटलीच्या पाण्यासाठी वेगळी रक्कम ठेवा.

पैसे कसे न्यायचे यावर थोडा वेळ घालवा, इथे दोन-चार टक्के सहज गळतात. भारतातल्या फॉरेक्स कार्डांवर सोल भरता येत नाही. डॉलर भरायचे आणि तिथे सोलमध्ये वापरायचे, म्हणजे बहुतेक कार्डांवर मध्ये चलनबदलाचा आकार लागतो. साध्या क्रेडिट कार्डावर दोन ते साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी. मार्कअप नसलेलं एक कार्ड निघण्याआधी घरी मिळालेलं आणि चालू केलेलं हवं. दुकानातलं यंत्र ‘रुपयांत की सोलमध्ये’ असं विचारेल, उत्तर नेहमी सोल. एटीएम दर वेळी स्वतःचं शुल्क कापतं आणि एका वेळी काढायची मर्यादाही लहान असते, म्हणून चिल्लर-चिल्लर काढू नका. सोबत शंभर-दोनशे डॉलर रोख असू द्या, नोटा कोऱ्या. कोपऱ्यात जरा फाटलेली नोट पेरूत कोणी हातात धरत नाही. शंभर आणि दोनशे सोलच्या नोटांचे सुट्टे टॅक्सीवाल्याकडे नसतात, त्या सुपरमार्केटात मोडा. टॅक्सीला मीटर नसतो, भाडं बसायच्या आधी ठरवायचं. गल्लीतल्या दुकानात येपे या तिथल्या पेमेंट ॲपचा क्यूआर दिसेल आणि हात आपोआप फोनकडे जाईल. आपल्याकडे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२४ मध्ये पेरूच्या मध्यवर्ती बँकेशी यूपीआयसारखी व्यवस्था उभारण्याचा करार केला आहे खरा, पण येपेला तिथलंच खातं लागतं. आपलं यूपीआय तिथे चालत नाही.

टूर कंपनीचं पॅकेज घेत असाल तर टीसीएसची, म्हणजे पॅकेजवर आधीच कापल्या जाणाऱ्या कराची, रक्कम आगाऊ हातात हवी. ती विवरणपत्र भरल्यावर वळती होते, पण सहलीच्या महिन्यात खिशातून जातेच. चालू दर सीएला विचारा.

शेवटी, आकस्मिक खर्च म्हणून एकूण रकमेच्या दहा टक्के ठेवण्याची पद्धत आहे. पेरूसाठी मी पंधरा म्हणेन, आणि परतीच्या विमानाआधी लिमात एक मोकळा दिवस. आंदोलनं आणि रास्ता रोको तिथे नेहमीचे. २०२३ च्या जानेवारीत निदर्शनांमुळे माचू पिचू काही आठवडे बंदच होतं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात रेल्वेमार्ग अडवल्याने शेकडो पर्यटक खालच्या गावात अडकले होते. अशा वेळी एक जादा रात्र आणि नवं देशांतर्गत तिकीट एवढे पैसे हाताशी असले की पुरतं. ॲडॅप्टरचा खर्च मात्र कापून टाका, आपली गोल दोन पिनांची प्लग तिथे बऱ्याच ठिकाणी बसते.

उरलेले सोल लिमातच डॉलरमध्ये बदला, भारतात ते घ्यायला सहज कोणी मिळत नाही. नाणी कोणीच बदलत नाही, ती कॉफीवर किंवा पेरूच्या चॉकलेटवर खर्च करा. कोकाच्या पानांची आणि चहाची पाकिटं विमानतळावर रांगेने मांडलेली असतील. तिथे ती कायदेशीर आहेत, आपल्याकडे नाहीत, तेव्हा भेटवस्तूंच्या यादीतून ती आधीच काढा.