स्टीलच्या महागड्या घड्याळावरचे बारीक ओरखडे घरच्या घरी कसे काढावेत

स्टीलच्या घड्याळावर सगळ्यात आधी ओरखडे पडतात ते चेनच्या लॉकवर. मनगट टेबलावर टेकतं, लॅपटॉपवर घासतं, आणि टेबलावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतातच. हे कण घड्याळाच्या स्टीलपेक्षा कठीण असतात. बहुतेक कंपन्या वापरतात ते ३१६एल प्रकारचं स्टील घ्या, नाहीतर रोलेक्सचं ९०४एल, धुळीपुढे दोघांचीही गत सारखीच. ९०४एलचा फायदा घाम आणि खाऱ्या पाण्यात दिसतो, ओरखड्यांच्या बाबतीत नाही.

पॉलिशमुळे ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा धातू झिजवून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. म्हणजे दर वेळी थोडा धातू कायमचा जातो. त्यामुळे किती घासायचं यापेक्षा कुठे थांबायचं, हे आधी ठरवा. त्यासाठी नखाची परीक्षा पुरते: ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख न अडकता सरकलं, तर तो ओरखडा हाताने काढता येतो. नख अडकलं, तर तो चरा आहे. त्याला घरी हात लावू नका. चरा घालवायच्या नादात भोवताली खळगा पडतो, आणि उजेडात तो खळगा चऱ्याहून वाईट दिसतो.

कोणत्या घड्याळाला हात लावायचा नाही

काळी किंवा रंगीत पीव्हीडी, डीएलसी (धातूवर चढवलेले पातळ थर), सोन्याचा मुलामा असं काहीही असेल, तर पॉलिश करूच नका. हा थर फार पातळ असतो, एकदा खालचा धातू दिसू लागला की परतीचा रस्ता नाही. सिटिझनचं ड्युराटेक्ट आणि सिकोचं डायाशील्ड हेही पृष्ठभागावरचेच संरक्षक थर आहेत. त्यांचा रंग साध्या धातूसारखाच असतो, म्हणून फसायला होतं. खात्रीसाठी मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघा. सिरॅमिकच्या बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावर, पॉलिशचं कापड चालत नाही. टायटॅनियमचं काम वेगळं आहे, ते कारागिराकडेच द्या. ग्रँड सिकोच्या झारात्सू पॉलिश केलेल्या केसलाही (घड्याळाच्या धातूच्या मुख्य भागालाही) घरी हात लावू नका. तिथले सपाट, आरशासारखे पृष्ठभाग आणि धारदार कडा हीच त्या घड्याळाची खरी किंमत आहे.

घरात आजोबांचं एचएमटी असेल, तर आधी मागचं झाकण वाचा. ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलं असेल, तर बहुधा फक्त झाकणच स्टीलचं आहे आणि केस पितळेवर क्रोम चढवलेली आहे. क्रोम घासलं की खालचं पिवळं पितळ बाहेर येतं. जुन्या संग्राह्य घड्याळांचंही तसंच. रोलेक्सच्या जुन्या मॉडेलमध्ये नंबर कानांच्या (केसच्या ज्या टोकांना चेन जोडतात त्यांच्या) मधल्या जागेत, चेनखाली कोरलेले असतात, सोन्याच्या घड्याळांवर हॉलमार्क असतात. ते पुसट झाले की घड्याळाची किंमत उतरते. अशा घड्याळावर ओरखडे राहिले तरी चालतील, मूळ आकार राहू द्या.

सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग, चेन केसला जोडणाऱ्या पिना काढायचं हत्यार, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती पिवळसर पारदर्शक उष्णतारोधक टेप, केप कॉड या ब्रँडचं पॉलिशचं कापड, दोन मायक्रोफायबर कापडं, मऊ टूथब्रश, नायट्राइलचे हातमोजे आणि आइस्क्रीमच्या दोन लाकडी काड्या. ब्रश फिनिशसाठी (एकाच दिशेच्या बारीक रेघांच्या पृष्ठभागासाठी) स्कॉच-ब्राइटची ७४४८ क्रमांकाची करडी पॅड. ७४४७ क्रमांकाची मरून पॅड जास्त खरखरीत असते, ती मूळ फिनिशच ठळक रेघांचं असेल तरच घ्या. भांडी घासायची हिरवी घासणी मात्र नको. तिच्या रेघा खोल आणि वेड्यावाकड्या येतात.

हातातला मोटरवाला ग्राइंडर या कामात घेऊ नका. त्याचा वेग इतका असतो की चुकलंय हे कळेपर्यंत कड गोल झालेली असते.

चेन काढणे आणि धुणे

चेन काढायच्या आधी कानांच्या आतल्या आणि मागच्या बाजूला टेप लावा. घरच्या कामात सगळ्यात जास्त नवे ओरखडे याच वेळी पडतात, हत्यार सटकून. घड्याळ पालथं मऊ कापडावर ठेवा, हत्याराचं दुटोकी टोक पिनेच्या खांद्यावर टेकवा आणि आत दाबा. ती बाजू किंचित बाहेर आली की दुसरी बाजू सोडवा. पिनेत स्प्रिंग असते, ती उडाली तर सापडत नाही. म्हणून हे काम मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा.

चेन कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे २–३ थेंब टाकून १० मिनिटं भिजवा आणि टूथब्रशने कड्यांच्या फटी साफ करा. हे टाळू नका. फटीत बसलेला कण पॉलिशच्या कापडाखाली आला, तर तोच नवा ओरखडा काढतो. केस मात्र फक्त ओलसर कापडाने पुसा. रबरी सील जुने झाले असतील, तर ‘वॉटर रेझिस्टंट’ शब्दावर विसंबून नळाखाली धरू नका.

आता फिनिश ओळखा. दिव्याचा उजेड अगदी तिरका पाडा आणि भिंगातून बघा. आरशासारखा पृष्ठभाग असेल तर पॉलिश, एकाच दिशेच्या बारीक समांतर रेघा असतील तर ब्रश. एकाच घड्याळावर दोन्ही असतात. रोलेक्स सबमरीनरच्या कानांची वरची बाजू ब्रशची असते, केसच्या कडेच्या बाजू पॉलिशच्या. रोलेक्सच्याच ज्युबिली चेनमध्ये मधली छोटी कडी चकचकीत आणि बाहेरची ब्रशची. ही सीमारेषा सांभाळणं हेच या कामातलं खरं कौशल्य. आधी पॉलिशचे भाग करा, ब्रशचे नंतर. उलट केलंत तर पॉलिशचं कापड नुकत्याच काढलेल्या रेघांवरून फिरतं आणि त्या मिटवतं.

चकचकीत भाग

चावी (वेळ लावायची कडेची कळ) दाबून किंवा आटे फिरवून बंद करा. काच, बेझल, बटणं आणि ब्रशचे सगळे भाग टेपने झाका. टेप थेट कडेपर्यंत न्या आणि दातकोरणीने कडेवर दाबून बसवा. सैल टेपखाली पॉलिशचा काळा रस शिरतो.

केप कॉडच्या कापडातून साधारण २ सेंमीचा चौकोन कापा आणि उरलेलं लगेच पाकिटात बंद करा. सपाट भागासाठी तो तुकडा लाकडी काडीवर गुंडाळा. नुसत्या बोटाने घासलं की बोटाचं मांस कडेवरून खाली वळतं आणि कड वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गोल होते. वक्र भागावर बोट चालेल, पण कडेपासून १ मिमी आत थांबा. केसच्या लांबीच्या दिशेने, हलक्या दाबाने २०–३० वेळा फिरवा. कापड काळं होईल. ते तसंच व्हायला हवं, त्यात सुटलेला धातू असतो. मायक्रोफायबरने पुसा, तिरक्या उजेडात बघा. लागलं तर कापडाचा स्वच्छ भाग घेऊन पुन्हा. तीन फेऱ्यांनंतरही जो ओरखडा राहतो, तो राहू द्या.

शेवटी धुरकट गोल रेघा दिसत असतील, तर कापड वाळलेलं असतं किंवा काळा झालेला भागच पुन्हा वापरला गेलेला असतो. नवा तुकडा घ्या आणि जवळजवळ दाब न देता १०–१५ वेळा फिरवा. अठरा कॅरेट सोनं स्टीलपेक्षा मऊ असतं, तिथे एक फेरी पुरे.

ब्रशचे भाग

इथे घाई महागात पडते. सुरुवात लॉकपासून करा. सगळ्यात जास्त ओरखडे तिथेच असतात, जागा सपाट असते, आणि हात बिघडला तरी केस शाबूत राहते. पॅड कशी रेघ काढते ते आधी लॉकच्या आतल्या, न दिसणाऱ्या पातीवर बघा आणि बाहेरच्या मूळ रेघांशी भिंगातून ताडून पाहा.

लॉक बंद करून चेन टेबलावर सरळ ताणा आणि दोन्ही टोकं टेपने चिकटवा. कोरलेला लोगो, चकचकीत कडा आणि मधली पॉलिशची कडी झाका. करड्या पॅडची ३ सेंमी रुंद पट्टी सपाट लाकडी ठोकळ्यावर घट्ट गुंडाळा. आता मूळ रेघांच्या दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापलीकडे, एकाच लांब ओढीत न्या. ठोकळा उचला, परत सुरुवातीला आणा, पुन्हा ओढा. मागेपुढे घासायचं नाही. दिशा बदलताना पॅड क्षणभर थांबते, तिथे वळणाच्या रेघा उमटतात आणि त्या लांबूनही दिसतात. ओढ सुरू असताना मनगट वळलं तरी रेघ धनुष्यासारखी वाकते. म्हणून मनगट ताठ ठेवून खांद्यातून हात हलवा. स्टीलची पट्टी शेजारी चिकटवून तिच्या आधाराने ठोकळा सरकवला, तर पहिल्यांदाच करणाऱ्यालाही सरळ रेघ जमते.

पाच ओढींनंतर थांबून बघा. हलके ओरखडे रेघांत मिसळलेले दिसतील. ते पूर्ण गेले पाहिजेत असं नाही, ब्रश फिनिशचा फायदाच हा की ओरखडा नव्या रेघांत लपतो. नवा भाग जुन्यापेक्षा उजळ दिसत असेल, तर फक्त तेवढ्याच कडीवर जोर देऊ नका. संपूर्ण लॉकवरून दोन हलक्या ओढी द्या. बेझलवर किंवा केसच्या वरच्या बाजूवर मध्यापासून किरणांसारख्या पसरणाऱ्या रेघा असतील, तर ते काम हाताने होत नाही.

काचेबद्दल थोडक्यात

सफायरच्या काचेवर पॉलिशचं कापड नको. ती सहज ओरखडत नाही, पण ब्राइटलिंगसारख्या काही घड्याळांत बाहेरूनही चकाकी कमी करणारा लेप असतो आणि तो पॉलिशने निघतो. अॅक्रिलिकच्या, म्हणजे प्लास्टिकच्या काचेचे, जसं की एचएमटी जनता किंवा हेसलाइट काचेच्या ओमेगा स्पीडमास्टरचे, हलके ओरखडे पॉलिवॉच या पॉलिश पेस्टने जातात. मऊ कापूस घ्या, ओरखड्याला आडव्या दिशेने २–३ मिनिटं घासा. टेपचा चिकटपणा काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल स्टीलवर उत्तम, पण अॅक्रिलिकवर नको, त्याने काचेत बारीक तडे जातात.

जोडणी

टेप कडेकडून आतल्या बाजूला सावकाश ओढून काढा. चेन पुन्हा साबणाच्या पाण्यात धुवा. कड्यांच्या फटीत पॉलिशचा काळा रस राहिला, तर तो घामात मिसळून शर्टाच्या बाहीवर डाग पाडतो. पूर्ण सुकू द्या, मग पिना बसवा. दोन्ही बाजूंना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. त्यानंतर प्रत्येक बाजूची चेन जोर लावून ओढून बघा. अर्धवट बसलेली पिन रस्त्यात सुटते आणि घड्याळ खाली पडतं. पिन वाकलेली किंवा तिचं टोक झिजलेलं दिसलं, तर जुनी परत लावू नका. घड्याळजीकडून त्याच लांबीची आणि जाडीची नवी आणा, तिचा खर्च किरकोळ असतो.

घड्याळ सर्व्हिसिंगला देताना पॉलिश हवं की नको, हे पावतीवर लिहून घ्या. अनेक ठिकाणी बफ मारणं (मशीनने चकाकी देणं) हा सर्व्हिसिंगचाच भाग समजतात, आणि न सांगता दिलं तर ब्रशचे कान चकचकीत होऊन परत येतात. केप कॉडचं उरलेलं कापड पाकिटाचं तोंड घडी घालून हवाबंद डब्यात ठेवा. उघडं राहिलं की वाळतं, आणि वाळलेलं कापड वापरायचं नाही.