केळवे, डहाणू, बोर्डी: लोकलने एका दिवसात जाऊन यायचंय? या चुका टाळा

२०१३ मध्ये चर्चगेटची लोकल विरार ओलांडून डहाणू रोडपर्यंत जायला लागली आणि मुंबईकरांच्या रविवारच्या बेतांत केळवे-डहाणूची भर पडली. तिकीट स्वस्त, आरक्षणाची कटकट नाही. तरीही या सहलीचा विचका होतो, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: जायची गाडी सगळे बघतात, यायची कोणी बघत नाही.

विरारपर्यंत वेळापत्रक बघायची सवयच आपल्याला नसते. एक गेली तर दुसरी येते. विरारच्या पुढे हा हिशेब बंद. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड या पट्ट्यातली वर्दळ पासवाल्यांची: सकाळी मुंबईकडे, संध्याकाळी घराकडे. सहलीला निघालेला माणूस नेमका उलट्या दिशेने जातो. त्यामुळे बसायला जागा मिळते, पण एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ फलाटावर काढावा लागतो. म्हणून बेत शेवटाकडून आखा. आधी परतीच्या दोन गाड्या ठरवा, एक धरायची आणि ती चुकली तर तिच्या मागची. दिवसातल्या शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. मग किनाऱ्यावरून कधी उठायचं, जेवण कधी, हे सगळं त्यावरून मागे मोजत या. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मे महिन्यात सात वाजून जातात. सूर्यास्त बघायचाच असेल तर हा तासाभराचा फरक गाडी ठरवतानाच धरायला हवा.

रविवारी जाणार असाल तर ब्लॉक आहे का ते शनिवारीच बघून घ्या. ब्लॉक बोरिवलीच्या अलीकडे असला तरी डहाणूची थेट लोकल त्यात अडकते. अशा दिवशी थेट गाडीची वाट बघत बसू नका. मिळेल त्या लोकलने विरार गाठा आणि तिथून सुटणारी गाडी पकडा. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो: लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं आणि चर्चगेटहून डहाणूला जायला अडीच-तीन तास लागतात. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर विरारला उतरून, आटोपून मगच पुढे निघा.

तिकिटाचे घोळ

उपनगरी हद्द डहाणू रोडला संपते. घोलवड, बोर्डी रोड, उंबरगाव त्याच्या पुढे, तिथे लोकल जात नाही, मेमू आणि पॅसेंजर जातात. पुढे जायचं असेल तर निघतानाच घोलवडचं तिकीट काढा. डहाणूचं तिकीट घेऊन ‘एकच तर स्टेशन’ म्हणत पुढे जाणाऱ्याला टीसी भेटला तर भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड पडतो. लोकलच्या तिकिटावर सुपरफास्ट गाडीत चढणाऱ्याचीही तीच गत. मोबाइलवर तिकीट काढत असाल तर ते फलाटावर जाण्याआधीच काढा.

‘रोड’ म्हणजे समुद्र नव्हे

केळवे रोडला उतरल्यावर काही जण समुद्र कुठल्या बाजूला म्हणून इकडेतिकडे बघू लागतात. समुद्र तिथे नाही. गाव आणि किनारा रिक्षाने वीसेक मिनिटांवर आहेत. डहाणू रोडहूनही डहाणूचा किनारा दोन-तीन किलोमीटर लांब आहे. बोर्डीला जाणाऱ्यांची तर हमखास फसगत होते. बोर्डी रोड नावाचं स्टेशन आहे, पण बोर्डीच्या किनाऱ्याला घोलवडच सोयीचं. त्याहून सोपा रस्ता म्हणजे डहाणूला उतरून नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी असा किनाऱ्याकिनाऱ्याने एसटीने किंवा रिक्षाने जाणं. गाडीच्या खिडकीतून न दिसणारा समुद्र या रस्त्याला अधूनमधून दिसत राहतो.

रिक्षांचं गणित समजून घ्या. लहान स्टेशनांवर त्या गाडीच्या वेळेला जमतात, भरल्या की निघून जातात. चहा प्यायला रेंगाळलात तर बाहेर यायच्या आत स्टेशन रिकामं झालेलं असतं. जाताना ज्या रिक्षाने गेलात त्या रिक्षावाल्याचा नंबर घेऊन परतीची वेळ तिथल्या तिथे ठरवून टाका. केळव्याहून संध्याकाळी रिक्षा मिळेना झाली, किंवा केळवे रोडची गाडी गेली, तर माहीममार्गे पालघर गाठा. पालघरला लोकलशिवाय काही लांब पल्ल्याच्या गाड्याही थांबतात. (हे माहीम म्हणजे मुंबईतलं नव्हे, केळवे-माहीमातलं.)

भरतीची वेळ न बघता जाणं

ही चूक गाडी चुकण्याइतकीच महाग पडते. या पट्ट्यात समुद्र फार मागे जातो. डहाणू-बोर्डीला ओहोटीच्या वेळी पोहोचलात तर समोर ओल्या वाळूचं आणि चिखलाचं मैदान, आणि पाणी लांबवर एक रेघ. मुलं हिरमुसतात, मोठे पाण्याकडे चालत सुटतात, आणि पाणी परत यायला लागलं की धावपळ होते.

भरतीची वेळ घरबसल्या काढता येते. कालनिर्णय उघडा, त्या दिवसाची तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमारास. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा तसंच मोजायचं. भरतीनंतर सहा तासांनी आणि थोडं वर पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे शेवटी भरतीचा तक्ता बघावाच, पण रविवार निवडायला हा हिशेब पुरतो. भर दुपारी पाणी हवं असेल तर पौर्णिमा-अमावास्येजवळचा दिवस घ्या. तेव्हा उधाण असतं, पाणी वर चढतं आणि जोरही जास्त असतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला जोर कमी, पण दुपारी बारा-साडेबाराला समुद्र नेमका ओसरलेला. पाण्यात उतरायचं ते पाणी चढत असताना आणि कमरेच्या आत. ओसरतं पाणी माणसाला आत ओढतं. केळव्याचा पाणकोट (पाण्यातला किल्ला) बघायला ओहोटीच लागते, तिथे हिशेब उलटा करा आणि पाणी फिरायच्या आत परत या.

जेवण आणि हाव

केळव्यात घरगुती जेवण उत्तम मिळतं, पण ते हॉटेल नव्हे. आदल्या दिवशी फोन करून किती माणसं, शाकाहारी किती, हे सांगावं लागतं. दुपारी तीनला अचानक उगवून ‘काकू, ताजं पापलेट आहे का?’ विचारणाऱ्याला काकू काय देणार? १ जूनपासून मासेमारी बंद असते, त्यामुळे पावसाळ्यात तर हा प्रश्न आणखीच अवघड. त्या दिवसांत भाजी-भाकरीवर समाधान मानावं, आणि नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी साचलंय का हेही निघण्याआधी बघावं.

हाव जेवणाची नसते, ठिकाणांची असते. सकाळी केळवे, दुपारी डहाणू, संध्याकाळी बोर्डी, जमलं तर बहरोटची लेणी आणि पुढे उदवाडा, असे बेत मोबाइलवर छान दिसतात. केळवे रोड ते डहाणू रोड सुमारे ४० किलोमीटर आहे आणि मधल्या गाड्यांचं अंतर वर सांगितलंच. उदवाड्याच्या आतशबेहराममध्ये, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, पारशी नसलेल्यांना प्रवेशही नाही. एका दिवसाला एक स्टेशन घ्या. केळव्याला गेलात तर शीतलादेवीचं देऊळ, सुरूचं बन, पानवेलींच्या वाड्या यातच दिवस सरतो. डहाणू-बोर्डीला गेलात तर चिकूच्या बागा बघा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. घ्यायचे तर कडक बघून घ्या, पिकलेल्यांचा संध्याकाळच्या गर्दीत पिशवीतच गर होतो.

वैतरणेचे पूल

या प्रवासात समुद्र गाडीतून दिसत नाही, दिसते ती वैतरणा खाडी. म्हणून खिडकीसाठी पश्चिमेची बाजू पकडायची धडपड व्यर्थ आहे. पूर्वेला बसा, तांदुळवाडीचा डोंगर दिसेल. वैतरणा आणि सफाळे यांच्यामध्ये लागोपाठ दोन पूल येतात आणि त्यांच्या मधोमध वाढीव हे बेट. तिथले लोक रेल्वेच्या पुलावरून, रुळांच्या कडेने चालत ये-जा करतात. गाडीतून निर्माल्याची पिशवी किंवा नारळ खाडीत भिरकावणारे भाविक दर फेरीला दिसतात. तो नारळ पाण्यात पडेलच असं नाही, आणि धावत्या गाडीतून सुटलेला नारळ डोक्यात बसला तर माणूस जगत नाही. सोबतच्यांपैकी कोणी हात उगारला तर तिथल्या तिथे धरा.

आणि समजा सगळंच फसलं, विरारला पोहोचेपर्यंत अकरा वाजले आणि डहाणूची गाडी नुकतीच गेली, तर उगाच पुढे जाऊ नका. विरार पश्चिमेहून अर्नाळ्याची बस घ्या. किनारा आहे, समोर बेटावर किल्ला आहे, आणि परतताना विरारला लोकलची वाट बघत बसावं लागत नाही.