बडोद्यात रोज सायकल चालवताय? मग या चुका टाळा
दांडिया बाजारातून फतेहगंजला रोज सायकलने जातो म्हटलं की लोकं पहिलं हेच विचारतात, मागून गाडीने ठोकलं तर? मलाही आधी तीच भीती होती आणि त्या भीतीपायीच मी सगळ्यात मोठी चूक करत होतो, रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवायचो. कडेला असतं काय, तर रेती, गटाराचं झाकण, बसलेली गाय आणि उभ्या गाड्या. रावपुऱ्यात अशाच एका गाडीचं दार फटकन उघडलं नि मी आडवा. कोपर सोललं, चष्मा गेला, वर ते गाडीतले काका मलाच म्हणाले, "जोईने चलावो ने भाई!" म्हणजे बघून चालव ना!

हिशोब साधा आहे. दार उघडलं की जवळजवळ मीटरभर बाहेर येतं, आणि तासाला २० किमीने जाताना आपण सेकंदाला साडेपाच मीटर कापतो, म्हणजे ब्रेकपर्यंत बोटं जाईस्तोवरच आदळलेलो असतो. म्हणून उभ्या गाड्यांपासून मीटरभर तरी लांब राहा आणि सरळ चालवा, दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर करू नका, मागच्याला तुम्ही अचानक उगवल्यासारखे वाटता. हॉर्न वाजवतील, वाजवू दे, वाजवतोय म्हणजे बघितलंय!

काळा घोड्याच्या चौकात बस डावीकडे वळत असेल तर तिच्या डावीकडून घुसायचं नाही, म्हणजे नाहीच. ड्रायव्हर तुम्हाला आरशात दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

ब्रेकचं म्हणाल तर घाबरून फक्त मागचाच दाबला की चाक घसरतं, खरा जोर पुढच्यात असतो, दोन्ही एकदम धरा पण पुढचा हळूहळू वाढवत. पावसात रिम ओली असली की पकड उशिरा येते, तेव्हा आधीपासूनच दाबायला लागा. दाबूनही सायकल थांबत नसेल तर आधी रिमला तेल लागलंय का बघा, मग रबर झिजलंय का ते.

रिफ्लेक्टरवर उजेड पडल्याशिवाय तो चमकत नाही, त्यामुळे मागे लाल दिवा लावाच. हेल्मेट सायकलला कायद्याने सक्तीचं नाही, मी घालतो.

आणि उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत. १४-१५ जानेवारीला मी सायकल काढतच नाही. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी झाडांना, तारांना लटकलेला दिसतोच, आणि वासी उत्तरायण, म्हणजे दुसरा दिवस, संपलं म्हणून तो काही लगेच खाली उतरत नाही, म्हणून गळ्याला मफलर फेब्रुवारीपर्यंत.