हिरोला सोशल अँक्झायटी आहे? मग रोमान्स लिहिताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे हिरो लाजाळू आहे, कमी बोलतो, एवढं दाखवलं की झाली सोशल अँक्झायटी असं धरून चालणं. मुळात अबोल असलेला माणूस एकटा खुश असू शकतो, पण सोशल अँक्झायटी असलेल्या हिरोला लोकांत मिसळायचं असतं, हिरोइनशी बोलायचं असतं आणि आपलं काहीतरी चुकेल, ती मनात हसेल या भीतीने पाय निघत नाही. इच्छा आणि भीती एकाच वेळी, लव्हस्टोरीला यापेक्षा भारी मटेरियल कुठे मिळणार? आणि हो, बहुतेकांना हा त्रास टीनएजमध्येच सुरू होतो, निदान करतानाही साधारण 6 महिने किंवा जास्त काळ टिकलाय का ते बघतात, त्यामुळे तिसऱ्या प्रकरणात कथेला गरज पडली म्हणून उगवलेली भीती पटत नाही.

दुसरं, सगळी भीती फक्त भेटीच्या सीनमध्ये कोंबू नका. घाम, अडखळणं, लाल झालेला चेहरा, हे सगळेच लिहितात. खरा छळ आधी आणि नंतर असतो. भेटीच्या चार दिवस आधीपासून तो डोक्यात वाक्यं घोकतोय, भेटल्यावर हात थरथरताना दिसू नये म्हणून ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरतोय, आणि तिचं अर्धं बोलणं त्याला ऐकूच येत नाहीये कारण सगळं लक्ष 'मी कसा दिसतोय' यावर. मग रात्री तेच पाच सेकंद परत परत, 'असं का बोललो मी'. तिला मात्र भेट छान वाटलेली असते! हा फरक लिहा, वाचक तिथेच अडकतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे प्रेमाने बरं करणं. ती आली, मिठी मारली, भीती गायब. प्लीज नको. ज्यांना हा त्रास आहे ते वाचतात आणि त्यांना वाटतं आपल्यावर कुणाचं पुरेसं प्रेमच नाही. थेरपीत टाळलेल्या गोष्टी थोड्या थोड्या करून बघाव्या लागतात, औषधांचा परिणाम दिसायलाही काही आठवडे जातात. उलट ती प्रत्येक वेळी त्याच्या वतीने बोलत गेली, त्याचे फोन करत गेली तर दिसायला गोड वाटतं पण त्याची भीती पक्की होते, कारण आपल्याला जमतं हे त्याला कधी कळतच नाही. इथे तुमचा संघर्ष आयता आहे, गैरसमजाचा मसाला वेगळा घालायला नको.

दारू पिऊन आलेला धीर विनोद म्हणून वापरू नका, बरेच जण खरंच त्यात अडकतात.

आणि शेवटी त्याला भर गर्दीत माईक देऊन प्रपोज करायला लावू नका. त्याने आधी दहादा डिलीट केलेला मेसेज यावेळी तसाच पाठवला, आणि उत्तर येईपर्यंत फोन उलटा ठेवला नाही, एवढा क्लायमॅक्स त्याच्यासाठी खूप मोठा आहे.