पीसीओडी आहे की नाही, हे नीट ठरवायचं कसं, आणि मग वजनाचं काय

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘पीसीओडी’ असं लिहून आलं, की घरात दोन गोष्टी लगेच सुरू होतात. मुलीचा भात बंद होतो, आणि ‘लग्न झालं की आपोआप सुरळीत होईल’ असा दिलासा मिळतो. दोन्हींची घाई नको. डॉक्टर ज्याला पीसीओएस म्हणतात आणि आपण बोलताना पीसीओडी म्हणतो, तो बीजकोश आणि संप्रेरकांचा त्रास एकट्या सोनोग्राफीवरून ठरत नाही. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ही गाठी नसतात, अर्धवट वाढून थांबलेली बीजकोशातली फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं त्या बारीक पिशव्या असतात.

२००३ पासून जगभर वापरले जाणारे निकष तीन आहेत: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकं (हार्मोन) जास्त असल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं चित्र. यांपैकी दोन जुळावे लागतात, आणि असाच त्रास देणारे दुसरे आजार नाहीत याची खात्री करावी लागते. पहिले दोन निकष स्पष्ट जुळले, तर निदानासाठी सोनोग्राफीची गरजही उरत नाही. पहिली पाळी येऊन आठ वर्षं झाली नसतील, तर त्या वयात अशी फॉलिकल सहजच दिसतात. म्हणून सोळा वर्षांच्या मुलीचं निदान सोनोग्राफीवर करत नाहीत. तिच्या बाबतीत पहिले दोन्ही निकष लागतात.

पहिली पायरी: तारखा लिहा

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर खूण केलीत तरी चालेल. पाळी सुरू झाली तो दिवस लिहायचा आणि पुढची सुरू होईपर्यंतचे दिवस मोजायचे. हे अंतर २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ३५ पेक्षा जास्त असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा पाळी येत असेल, तर ती अनियमित. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झालेली नसतील, तर ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं.

डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी पार्लरला जाऊ नका. हनुवटी, वरचा ओठ, बेंबीखालची रेघ इथले जाड, काळे केस हाच तुमचा पुरावा असतो. काढून गेलात, तर ते किती दिवसांनी काढावे लागतात हे तरी सांगा. मानेवर किंवा काखेत काळपट, मखमलीसारखी त्वचा असेल तर तीही दाखवा. तो मळ नाही, घासून जात नाही. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते.

केस झपाट्याने, दोन-तीन महिन्यांतच वाढले आणि आवाजही जाड झाला, तर थांबू नका. अशा वेळी ट्यूमर नाही ना, हे आधी पाहावं लागतं.

दुसरी पायरी: तपासण्या

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. खाजगी दवाखाना परवडत नसेल, तर ठाण्याला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय आहे. जुने रिपोर्ट आणि तारखांचा कागद सोबत ठेवा.

रक्तात साधारण हे पाहतात: टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आणि त्याला रक्तात धरून ठेवणारं एसएचबीजी हे प्रथिन, थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, १७-ओएच प्रोजेस्टेरॉन. शेवटच्या तीन तपासण्या दुसरे आजार नाहीत ना, हे बघायला. पाळी चुकलेली असेल तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग ती बाई कुणीही असो. १७-ओएच प्रोजेस्टेरॉनसाठी रक्त सकाळी आणि पाळीच्या पहिल्या काही दिवसांत देतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉनचा आकडा फसवा येतो. गोळ्या थांबवून तीन महिने गेल्यावर तो धरावा, पण थांबवायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतील. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर ते लॅबला सांगा, त्याने हार्मोनचे आकडे चुकू शकतात.

लॅबवाले ‘पीसीओडी पॅकेज’ सुचवतात. त्यातली उपाशीपोटीची इन्शुलिन तपासणी आणि एलएच-एफएसएच या दोन संप्रेरकांचं गुणोत्तर निदानाला लागत नाही. तेच पैसे साखरेच्या तपासणीला ठेवा. आठ तास उपाशी राहून पहिलं रक्त, मग पाण्यात विरघळवलेलं ७५ ग्रॅम ग्लुकोज पाच मिनिटांत पिऊन दोन तासांनी दुसरं. दोन तासांचा आकडा १४० ते १९९ आला तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा पुढे गेला तर मधुमेह. मधल्या वेळेत बाजारहाट उरकू नका, बसून राहा. आधीचे तीन दिवसही नेहमीसारखं जेवा. भात सोडून तपासणीला गेलात तर रिपोर्टावर भरवसा ठेवता येत नाही. सोबत कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब बघून घ्यावा.

पोटावरून सोनोग्राफी असेल तर तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका. मूत्राशय भरलेलं नसेल तर बीजकोश नीट दिसत नाही.

तिसरी पायरी: वजन

आधी मोजा. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर नको. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडून वाचा. अंगाने सडपातळ असूनही हा त्रास असणाऱ्या बायका असतात. त्यांनी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये.

ज्यांचं जास्त आहे त्यांनी पाच टक्के एवढंच लक्ष्य ठेवावं. ७२ किलोच्या बाईसाठी ते ३.६ किलो होतं. तेवढ्यानेही अनेकींची पाळी सुधारते, साखर सुधारते. त्यासाठी रोज साधारण ५०० कॅलरी कमी घ्याव्या लागतात. कुठला एकच आहार बाकीच्यांहून सरस ठरलेला नाही, त्यामुळे महागडे डाएट प्लॅन विकत घ्यायचं कारण नाही.

आपल्याकडे गडबड होते ती तीन-चार जागी. चहा: दोन चमचे साखरेचे तीन कप म्हणजे १२० कॅलरी. तेल: महिन्याला माणशी अर्धा लिटर पुरे, चौघांच्या घरात चार लिटर संपत असेल तर तिथेच हिशेब सापडला. उपवास: साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ स्टार्च, वर तूप-दाणे; त्या दिवशी राजगिरा आणि ताक बरं. चौथी जागा भाकरीची. आगरी-कोळी घरांत तांदळाची भाकरी असते, आणि ती खाल्ली म्हणजे भात सोडला असं होत नाही. भात सोडूही नका, वाटीने मोजा. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग उसळ, डाळ, अंडी किंवा मासळी, पाव भाग भात वा भाकरी. बांगड्याचं कालवण उत्तम, रवा लावून तळलेला मात्र आठवड्यातून एकदाच. पोह्यांबरोबर उकडलेलं अंडं किंवा वाटीभर मटकी घेतली तर अकरा वाजता वडापाव आठवत नाही.

उपाशी राहणं उलटतं. फार कमी खाल्लं तर मेंदूच पाळी थांबवतो, आणि मग कशामुळे पाळी चुकली हे कळेनासं होतं.

चालणं आठवड्याला २५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस ५० मिनिटं. बोलता येईल पण गाता येणार नाही असा वेग ठेवा. ठाण्याचा उपवन तलाव, नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यान, खारघरचं सेंट्रल पार्क, जे घराजवळ असेल ते. ठाण्याच्या तलावपाळीला फेरी मारून पाणीपुरीपाशी थांबणं मोजायचं नाही. पावसाळ्याचे चार महिने इमारतीचे जिने वापरा, गुडघे दुखत असतील तर घरात जागच्या जागी चाला. दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस बारा वेळा, भिंतीला दंड बारा वेळा, पाच लिटरचा कॅन उचलणं बारा वेळा, अशा तीन फेऱ्या. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत रात्रपाळीत असाल तर व्यायामासाठी झोप तोडू नका.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, पोट साफ झाल्यावर पाहा. महिन्यातून एकदा कंबर मोजा. काटा अडकला तरी टेप हलतो.

गोळ्यांबद्दल

मेटफॉर्मिन (इन्शुलिनचा परिणाम सुधारणारी, मधुमेहातही देतात ती गोळी) दिलं तर ते जेवणाबरोबर घ्यायचं, ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात. पहिले काही आठवडे मळमळ किंवा जुलाब होऊ शकतात. त्याने वजन थोडंच उतरतं, साखरेला मदत होते. वर्षानुवर्षं घेतलं तर बी-१२ तपासा. मूल नको असेल तर गर्भनिरोधक वापरा: वजन उतरलं किंवा औषध लागू पडलं, की पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं, आणि ‘मला कुठे दिवस राहतात’ म्हणणारीला दिवस राहतात.

९० दिवस पाळी आली नाही तर वाट पाहू नका. गर्भाशयाचं अस्तर साचत जातं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर कर्करोगाचा धोका वाढतो. मेडिकलमधून पाळी आणायची गोळी परस्पर आणू नका. आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग डॉक्टर. साखरेची तपासणी दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करायची, आणि बाळाचा विचार सुरू केलात तर त्याआधीही.