कॅरिओटाइपचा रिपोर्ट कसा वाचावा

बाळाला डाउन सिंड्रोम असावा अशी शंका आली, की डॉक्टर त्याचे रक्त गुणसूत्रांच्या तपासणीसाठी, म्हणजेच कॅरिओटाइपसाठी पाठवतात. रक्तातील पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस वाढवून, विभाजनाच्या ऐन मध्यावर थांबवून, रंगवून त्यांतली गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजावी लागतात, त्यामुळे रिपोर्ट हाती यायला दोन-तीन आठवडे सहज जातात. तो आला, की आईवडील फक्त निदान वाचतात आणि कागद फाइलमध्ये ठेवून देतात. तो पुन्हा बाहेर काढावा, कारण पुढच्या बाळाला किती धोका आहे आणि घरात आणखी कोणाची तपासणी करायला हवी, हे त्यातल्या एकाच ओळीवरून ठरते.

आधी चित्र पाहावे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची गुणसूत्रे उंचीप्रमाणे मांडलेली दिसतात: २२ जोड्या आणि लिंग गुणसूत्रांची एक. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले असते, एक वडिलांकडून. शेवटच्या रांगेत २१ हा आकडा शोधावा. इतर सर्व आकड्यांवर दोन-दोन गुणसूत्रे उभी असतात आणि तिथे बहुतेक वेळा तीन बुटकी गुणसूत्रे शेजारी-शेजारी दिसतात. डाउन सिंड्रोमचे हे कारण १९५९ साली पॅरिसमधील संशोधकांनी प्रसिद्ध केले.

आता ती ओळ. ती इंग्रजी अक्षरांत छापलेली असते आणि डावीकडून वाचायची असते: प्रथम एकूण संख्या, मग लिंग गुणसूत्रे, मग वेगळेपण. '४७,एक्सएक्स,+२१' म्हणजे मुलगी असून २१वे गुणसूत्र एक जास्त आणि सुटे आहे. सुमारे ९५ टक्के बाळांमध्ये असेच आढळते. बीजपेशी तयार होताना जोडी वेगळी न झाल्याने हे घडते, बहुतेक वेळा स्त्रीबीजात, आणि आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते. तरीही यात आईची चूक काडीचीही नसते. ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, असे ज्या घरात बोलले जाते तिथे ही गोष्ट कोणीतरी मोठ्याने सांगायला हवी.

खरी फसगत होते ती संख्येमुळे. '४६,एक्सवाय,डेर(१४;२१)(क्यू१०;क्यू१०),+२१' असे लिहिलेले असेल, तर ४६ पाहून सारे ठीक आहे असे समजू नये. येथे जास्तीचे २१वे गुणसूत्र १४व्याला चिकटलेले असल्याने मोजणीत वेगळे दिसत नाही. बाळाला डाउन सिंड्रोमच आहे. उलट आईच्या किंवा वडिलांच्या रिपोर्टमध्ये अशाच जोडासह ४५ आले, तर ती व्यक्ती स्वतः निरोगी पण वाहक, म्हणजे तो जोड बाळाला देऊ शकणारी, असते. म्हणून ओळीत 'डेर' किंवा 'रॉब' (दोन्ही अशा जोडाच्या खुणा) दिसले, की आईवडील दोघांचाही कॅरिओटाइप करून घ्यावा. दोघांपैकी कोणीच वाहक नसेल, तर जोड नव्याने झालेला असतो आणि धोका अगदी कमी राहतो. आई १४-२१ची वाहक असल्यास पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका सुमारे १० ते १५ टक्के असतो. वडील वाहक असल्यास तो बराच कमी असतो. वाहकातला जोड २१-२१चा असेल, तर मात्र जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला डाउन सिंड्रोम असतो, आणि हे सांगताना समुपदेशकाने वेळ काढून बसायला हवे. सुट्या प्रकारात आईवडिलांच्या कॅरिओटाइपची सहसा गरज नसते. तो खर्च वाचवून बाळाच्या हृदयाची टूडी एको करावी, कारण जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो.

'मोझेइक' असे लिहिले असेल, तर काही पेशींत ४७ आणि काहींत ४६ गुणसूत्रे आहेत. त्या प्रमाणावरून बाळाची प्रगती कशी होईल याचा अंदाज बांधू नये.

नॉर्मल कॅरिओटाइपने थॅलेसेमिया किंवा सिकलसेल नाही असे सिद्ध होत नाही. ते एकेका जनुकातील बदल आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाहीत आणि त्यांच्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते.

जनुकीय समुपदेशनाला जाताना चित्रासह मूळ रिपोर्ट न्यावा आणि दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची नोंद कागदावर लिहून न्यावी. वारंवार गर्भपात झालेली मावशी किंवा आत्याही त्यात लिहावी, कारण वाहकपण काही घरांत आजारी बाळाच्या रूपाने नव्हे, तर केवळ गर्भपातांच्या रूपाने दिसलेले असते.