घरचा स्क्रब करताय? आधी हे वाचा

नाशिकची थंडी सुरू झाली की कातडी उलते आणि मग जो तो घासायला बसतो. घरच्या स्क्रबने वरची मेलेली त्वचा निघते, चेहरा मऊ लागतो, खर्च पण नाही. २ चमचे मसूर डाळीचं पीठ घ्या, चाळून हां, दह्यात सरबरीत कालवा, ओल्या चेहऱ्यावर अर्धा मिनिट हलक्या बोटांनी फिरवा, धुवा, लगेच मॉइश्चरायझर. आठवड्यातून एकदा बास. जाडं मीठ किंवा अक्रोडाची टरफलं चेहऱ्याला नकोतच, ओरखडे पडतात. आणि लिंबू तर अजिबात नको, त्याचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ च्या आसपास, त्वचेचा साधारण ५, वर ते लावून गंगापूर रोडच्या उन्हात फिरलात तर काळे डाग नाहीतर फोड, मी भोगलंय! पिंपल्स पिकलेत? मग घासूच नका.